काळाचौकी : पहारा कोणाचा?

लालबाग, शिवडी, घोडपदेव आणि कॉटन ग्रीन यांच्या मधोमध मुंबईची काळाचौकी ही वस्ती आहे. तिच्या नांवांतच चौकी आहे. काळ्या रंगाच्या एका जुन्या पोलीस चौकीवरून हें नांव पडलें, असें तेथील वृद्ध माणसें सांगत आलीं आहेत. ही उपपत्ति इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, तिच्यामुळें एक प्रश्न मात्र सहज सुचतो. जिचें नांवच पहाऱ्यावरून पडलें, त्या वस्तीचा खरा पहारा केला कोणी? चौकींतल्या शिपायानें, चाळींतल्या शेजाऱ्यानें, कीं तालमींतल्या दादानें? आणि जेव्हां तो पहारा फसला, तेव्हां तो कशामुळें फसला? प्रश्न एका मोहल्ल्याचा दिसतो. परंतु जेथें जेथें अनोळखी माणसें पोटासाठीं एकत्र येऊन राहतात, तेथें तेथें तो उभा राहतो.

मुंबईंतील सरकारी पहाऱ्याची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकांत गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या कारकीर्दींत भंडारी जवानांचें पथक उभें राहिलें. शहराच्या पोलीस दलाचें मूळ तेथें शोधण्याचा प्रघात आहे. पुढें १८६४ मध्यें फ्रँक सूटर हा शहराचा पहिला पोलीस कमिशनर झाला. त्याच्या पस्तीस वर्षें आधीं, १८२९ मध्यें, रॉबर्ट पील यानें लंडन शहरांत गणवेशधारी पोलीस दल स्थापन केलें होतें. नेमून दिलेल्या टापूंत शिपायानें रोज फिरावें, तेथील दुकानें, घरें आणि माणसें त्याच्या डोळ्यांखालीं असावींत, अशी त्या व्यवस्थेमागील कल्पना होती. लहानशा बाजारगांवांत ती सहज साधण्याजोगी. कारण तेथें शिपाई गांवाला ओळखतो आणि गांव शिपायाला ओळखतें. मुंबईंत गोष्ट अवघड होती. शिपायांत रत्नागिरीकडील मराठ्यांचा भरणा मोठा, म्हणजे शिपाई आणि गिरणी कामगार बहुधा एकाच मुलखांतले; परंतु हुकूम देणारा वरिष्ठ अंमलदार परका आणि त्याची भाषा परकी. वस्तीला चौकी दिसे ती मुख्यतः दंगलीच्या वेळीं अथवा संपाच्या वेळीं.

आणि वस्ती तर झपाट्यानें वाढत होती. कावसजी दावर यांनीं १८५४ मध्यें पहिल्या कापड गिरणीची उभारणी हातीं घेतली. त्यानंतर अर्ध्या शतकांत भायखळ्यापासून परळपर्यंत धुराडींच धुराडीं दिसूं लागलीं. पुढें इंडिया युनायटेड या नांवानें ओळखल्या गेलेल्या गिरण्यांपैकीं क्रमांक दोन व तीन या काळाचौकीच्याच. पूर्वेकडे समुद्र हटवून पोर्ट ट्रस्टनें जमीन केली. १९१० मध्यें कुर्ल्याहून रे रोडपर्यंत रेल्वे आली. कुलाब्याचा कापसाचा बाजार १९२० नंतरच्या वर्षांत शिवडीकडे हलला आणि त्यावरूनच कॉटन ग्रीन हें स्टेशन ओळखलें जाऊं लागलें. शिवडीच्या किनाऱ्याला तेलाच्या कंपन्यांच्या टाक्या उभ्या राहिल्या. कापूस, सूत, तेल आणि माल वाहणारे हात असा हा सारा टापू झाला.

हे हात कोंकणांतून, साताऱ्याहून, पुणें आणि नगर जिल्ह्यांतून आले. बहुतेक पुरुष एकटेच आले. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईंत दर हजार पुरुषांमागें स्त्रिया होत्या अवघ्या सव्वापांचशेच्या आसपास. एका खोलींत एकाच गांवचे दहा-बारा पुरुष राहत. दिवसपाळीचा माणूस उठून गेला कीं त्याच जागेवर रातपाळीचा माणूस अंग टाकी. जेवण एखाद्या खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशेबानें. १९२० नंतरच्या दशकांत सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें एकूण २०७ चाळी बांधल्या. त्याही एकेका खोलीच्याच.

सुरक्षिततेच्या दृष्टीनें ही दाटी केवळ आपत्ति नव्हती. चाळीची गॅलरी एक, नळ एक, जिना एक. दार दिवसभर उघडें, आणि कोण आला, कोणाकडे गेला, किती वेळ बसला, हें सारें दहा जणांना दिसे. नवा माणूस आला तर त्याचें गांव, त्याचा गांववाला, त्याचा मुकादम यांची चौकशी होई. पेटीला कुलूप असे. पण कुलपापेक्षां शेजाऱ्याची नजर मोठी. चोराला लपावयास जागा नाहीं, आणि चोरलेली वस्तु विकावयास वस्तींत गिऱ्हाईक नाहीं. पाळ्या रात्रंदिवस चालत असल्यामुळें रस्ता कधीं पुरता निर्मनुष्य होत नसे. कोणत्याहि कायद्यानें न नेमलेला असा हा पहारा होता आणि त्याचा खर्च कोणत्याहि अंदाजपत्रकांत पडत नव्हता.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. ओळखीचा पहारा चोराला अडवी, बळजोराला अडवीत नसे. तालमींतून तयार झालेला दादा हा वस्तीचा आधारहि होता आणि धाकहि होता. भांडण तोडणें, छेड काढणाऱ्याला दटावणें, मेळ्याच्या आणि उत्सवाच्या वेळीं बंदोबस्त ठेवणें हीं कामें तो करी. आणि त्याच बळावर तो वर्गणी वसूल करी, जुगाराचा अड्डा राखी, संपाच्या वेळीं एका पक्षाची लाठी होई. शेजारच्या घोडपदेवांतील केशव बोरकर या दादाचें नांव दोन महायुद्धांमधील गिरणी संपांच्या इतिहासांत पुन्हां पुन्हां येतें, तें लाल बावट्याच्या युनियनचा प्रतिस्पर्धी म्हणून. दादा ज्याच्या बाजूला, त्याला निर्भयता. इतरांना ती मागून घ्यावी लागे.

याहून मोठा धाक कर्जाचा होता. पगार महिन्यानें आणि तोहि उशिरां. आजारपण, लग्न, गांवचा सण यांसाठीं उसने पैसे हवेत. सावकारांत मारवाडी, वाणी, मुकादम होते, तसे पठाणहि होते. दर महिन्यास रुपयास एक आणा हें व्याज सर्रास चाले. म्हणजे वर्षाला शेंकडा ७५. दोन आणे झाले कीं शेंकडा १५०. पगाराच्या दिवशीं गिरणीच्या दाराशीं सोटा घेऊन उभा असलेला वसुलीवाला हें गिरणगांवचें नित्याचें दृश्य होतें. ही दहशत चौकींतल्या वहींत चढत नसे. गुन्ह्यांचे आंकडे वाचतांना हें ध्यानांत ठेवावें लागतें, कीं फिर्याद देण्याची ज्याची ताकद नाहीं त्याच्यावरील अन्याय आंकड्यांत येतच नाहीं. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशननें १९३१ च्या अहवालांत अशा प्रकारें कारखान्याला गराडा घालून वसुली करणें हा फौजदारी गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली. पण तोंपर्यंत जें व्हावयाचें तें होऊन गेलें होतें.

तें झालें १९२९ च्या फेब्रुवारींत. त्याची पूर्वतयारी आधींच्या वर्षीं झाली होती. २६ एप्रिल १९२८ पासून ४ ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें दीड लाख कामगारांनीं संप केला. गिरणी कामगार युनियनचें बळ त्यांतून वाढलें. परंतु घराघरांतील शिल्लक संपली आणि कर्जें चढलीं. डिसेंबरांत शिवडीच्या तेल कंपन्यांतील कामगारांनीं संप पुकारला. त्यांच्या जागीं कामास पठाण आणले गेले. काळाचौकीच्या अगदीं उंबऱ्याशीं दोन भुकेले समूह एकमेकांसमोर उभे करण्यांत आले. आंतला संपावरचा माणूस पोटासाठीं लढत होता आणि बाहेरून आणलेला पठाणहि पोटासाठींच आला होता. परंतु चकमकी सुरू झाल्यावर हें कोण पाहतो? ज्याच्या जातभाईचा सोटा पगाराच्या दिवशीं दिसे, तोच आतां नोकरीहि घेऊन चालला, एवढेंच वस्तीला दिसलें.

अशा वेळीं जानेवारीच्या अखेरीस एक अफवा उठली. शहरांत मुलें पळविणारे शिरले आहेत. बडोद्याकडे एका पुलाच्या पायांत बळी द्यावयास मुलें हवीं आहेत, आणि तीं पठाण पळवून नेत आहेत! बांधकामाच्या पायाला नरबळी लागतो ही समजूत देशोदेशींच्या लोककथांत आहे. लोकांनीं ती लहानपणापासून ऐकलेली. तिला आतां एक चेहरा मिळाला. ज्या गॅलरींतून चोरावर नजर ठेवली जाई, त्याच गॅलरींतून ही वार्ता एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेली. ज्या खानावळींत गांवचीं पत्रें वाचून दाखविलीं जात, तेथें ती रंगवून सांगितली गेली. आईबापांनीं मुलें घरांत कोंडलीं. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत रस्त्यांत एकट्या सांपडलेल्या पठाणांवर जमाव तुटून पडूं लागले.

पुढें काय होतें हें अशा प्रत्येक प्रसंगीं दिसून आलें आहे. आरंभीं लक्ष्य पठाण होते, मग पठाणासारखा दिसणारा कोणीहि, मग प्रतिशोध, आणि दोनचार दिवसांतच तो हिंदु-मुसलमानांचा शहरव्यापी दंगा झाला. लष्कर बोलवावें लागलें. फेब्रुवारींतल्या या दंग्यांत सुमारें दीडशें माणसें मेलीं आणि अनेक शतें जखमी झालीं. एप्रिल-मे महिन्यांत पुन्हां आग भडकली. सरकारनें नेमलेल्या चौकशी समितीनें मुलें पळविण्याची अफवा हें तात्कालिक कारण मानलें, आणि पठाणांविरुद्ध चेतविणाऱ्या भाषणांबद्दल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांवर ठपका ठेवला. त्यांतील कित्येक पुढारी २० मार्च १९२९ रोजीं मीरतच्या खटल्यासाठीं आधींच पकडले गेले होते. त्या वर्षींचा दुसरा सार्वत्रिक संप फसला आणि वर्षभरापूर्वीं बलाढ्य वाटणारी युनियन मोडकळीस आली. मुलें घरीं होतीं, सुखरूप होतीं. आणि त्यांच्या रक्षणाच्या नांवाखालीं सांडलेलें रक्त मात्र खरें होतें.

या वस्तीला अफवेचा हा पहिलाच दंश नव्हे. १८९६ मध्यें प्लेगची साथ सुरू झाली तेव्हां रुग्णालयांत माणसें बरीं करावयास नव्हे, मारावयास नेतात, अशी बोलवा पसरली. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला होता. दोन्ही प्रसंगांत कांहीं गोष्टी समान आहेत. लोक आधींच संकटांत होते. ज्याच्याविषयीं बोलवा उठली त्याची आणि लोकांची घसट नव्हती. आणि खरें काय तें सांगणारा, ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा माणूस, त्या क्षणीं वस्तींत कोणी नव्हता. सरकारचा जाहीरनामा निघे. पण सरकार परकें, आणि त्याची चौकी संपांत मालकाच्या बाजूला उभी असलेली लोकांनीं पाहिलेली.

चाळीच्या पहाऱ्याची मर्यादा येथें उघड होते. तो पहारा ओळखीवर उभा होता. ओळखीच्या माणसांत तो निर्भयता देई. परंतु ओळखीची कक्षा संपली कीं त्याच पहाऱ्याचा जमाव होई. गांववाल्याचें घर राखणारे डोळे परक्या माणसांत चोर पाहूं लागत. दक्षता आणि संशय यांच्यामध्यें फार पातळ पडदा असतो. आणि भूक, कर्ज, बेकारी या गोष्टी तो पडदा फाडतात.

सरकारनें यावर जो उपाय काढला तो मुख्यतः हद्दपारीचा. १९३७ ते १९३९ या काळांत प्रांतांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ होतें आणि गृहखातें कन्हैयालाल मुनशी यांच्याकडे होतें. त्या काळीं शहर पोलीस कायद्यांत दुरुस्ती होऊन दंग्याधोप्याच्या प्रसंगीं गुंडांना शहराबाहेर घालविण्याचा कमिशनरचा अधिकार वाढला. तडीपार हा शब्द पुढें मुंबईच्या बोलण्यांत रुळला. त्या उपायाचा उपयोग नाहीं असें नाहीं. परंतु त्यानें दादा हलतो, दादा घडविणारी परिस्थिति हलत नाहीं.

दीर्घकाळ ती परिस्थिति सांभाळली ती बारमाही पगारानें. स्वातंत्र्योत्तर काळांत गिरणगांवांत बायकामुलांचे संसार वाढले, शाळा, ग्रंथालयें, व्यायामशाळा, सार्वजनिक गणेशोत्सव यांनीं वस्ती भरली. १९७५ मध्यें प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज मिळवून दिलें. पगाराच्या दिवशीं सोटा घेऊन उभ्या राहणाऱ्याचें काम बँकेच्या खिडकीनें काढून घेतलें! वस्तीच्या सुरक्षिततेच्या इतिहासांत ही घटना पोलिसांच्या कोणत्याहि मोठ्या कारवाईपेक्षां कमी महत्त्वाची मानतां येणार नाहीं. त्या काळींहि वस्ती निष्कलंक नव्हती. ५ जून १९७० च्या रात्रीं लालबाग भागांत आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि राजकीय स्पर्धा सुऱ्यापर्यंत पोंचते हें गिरणगांवानें पाहिलें. तरीहि रोजच्या जगण्याची घडी टिकून होती.

ती घडी १९८२ मध्यें विसकटली. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांनीं संप सुरू केला. तो विधिपूर्वक कधीं मागें घेतला गेलाच नाहीं. तो विरत गेला. त्याच वर्षींच्या १८ ऑगस्टला एक विलक्षण घटना घडली. पोलिसांच्या संघटनेवर सरकारनें कारवाई करतांच मुंबईचे शिपाईच रस्त्यावर उतरले, आणि संपकरी कामगार त्यांच्यांत मिसळले. शहरांत लुटालूट झाली, लष्कर बोलवावें लागलें. नायगांव-वरळीच्या चाळींत शिपायांचीं आणि कामगारांचीं बिऱ्हाडें शेजारीं शेजारींच होतीं. पहारा करणारा आणि ज्याचा पहारा करावयाचा तो, दोघेहि एकाच तंगीचे धनी होते हें त्या दिवशीं सर्वांना दिसलें.

पुढील दशकांत गिरण्या एकेक करून बंद झाल्या. बहुसंख्य कामगारांनीं मिळेल तें काम धरलें. कोणी भाजी विकली, कोणी रखवालदारी केली, कोणी गांवीं परतलें. घरोघरच्या स्त्रियांनीं डबे करून मुलें शिकविलीं. ज्यांच्या धीरानें वस्ती टिकली ते हेच लोक. परंतु वर्तमानपत्रांत नांवें गाजलीं तीं हाताला काम नसलेल्या थोड्या पोरांचीं, जीं टोळ्यांकडे वळलीं. तालमींतला दादा आतां पिस्तुलवाला झाला, आणि पैसा वर्गणीऐवजीं खंडणीचा आणि गिरण्यांच्या जमिनींचा आला. ७ मे १९९४ रोजीं गिरणीमालक सुनीत खटाव यांचा आणि १६ जानेवारी १९९७ रोजीं खुद्द दत्ता सामंत यांचा गोळ्या घालून खून झाला. १९९९ मध्यें राज्यानें संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. टोळ्यांचा जोर ओसरला. तो ओसरण्यांत कायद्याचा वाटा आहेच; पण मुलें शिकून दुसऱ्या धंद्यांत गेलीं हा वाटाहि विसरतां कामा नये.

ओळखीची कक्षा वाढवितां येते काय, हा खरा प्रश्न उरतो. त्याचें एक उत्तर मुंबईजवळच मिळालें. भिवंडीस १९८४ मध्यें भीषण दंगल झाली होती. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत हिंदु आणि मुसलमान रहिवाशांच्या समित्या बसविल्या आणि पोलीस अधिकारी त्यांच्यांत नियमानें जाऊं लागले. हेतु साधा होता : अफवा उठली तर ती खरी कीं खोटी हें ज्याला विचारावें असा ओळखीचा माणूस दुसऱ्या बाजूला असावा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्यें मुंबई जळत असतांना भिवंडी शांत राहिली. त्या दंगलींनंतर मुंबईंतहि अशा मोहल्ला समित्यांचें काम सुरू झालें.

आणि अशी ओळख नसली म्हणजे काय होतें, याचेंहि उदाहरण महाराष्ट्रांतलेंच आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा या गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षेसाठीं फिरत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना मुलें पळविणारे समजून जमावानें ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून ठार मारलें. अफवा मोबाइलवरून आली होती. गॅलरीच्या जागीं पडदा आला होता एवढेंच. मजकूर नव्वद वर्षांपूर्वींच्या शिवडीचाच होता.

काळाचौकीच्या आकाशांत आतां धुराड्यांची पूर्वीची गर्दी नाहीं. जेथें मागें गिरणी होती तेथें उंच इमारती चढत आहेत. त्यांना फाटक आहे, पहारेकरी आहे, प्रत्येक जिन्यावर कॅमेरा आहे. दहशतवादविरोधी पथकाच्या तपासाच्या कागदांवरहि काळाचौकीचें नांव येऊं लागलें, म्हणजे चौकी या शब्दाचा अर्थ आणखी विस्तारला. कॅमेरा कोण आला हें दाखवितो. आलेला माणूस कोण आहे, कशासाठीं आला आहे, हें तो सांगूं शकत नाहीं. तें विचारावयास दार उघडावें लागतें. जुन्या चाळींत तें दार उघडें होतें, पण गांववाल्यापुरतें. १९२९ च्या फेब्रुवारींत तें परक्या मजुरासाठींहि उघडें असतें, त्याचें नांवगांव विचारणारा एक जरी विश्वासाचा माणूस शिवडीच्या रस्त्यावर उभा असता, तर दीडशें घरांतले दिवे कदाचित् विझते ना. काळ्या चौकीच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वस्तीनें आपल्या इतिहासांतून जपावें असें हेंच आहे.